मामाच्या प्रोसेसरचा पंचनामा

भिंगांना त्या प्रोसेसरचा संशय आला तेव्हा प्रोसेसर अजून घरातही आला नव्हता. यात त्याने वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. भिंगांना सगळ्यांचाच संशय येई. दारात उभं राहून प्यायला पाणी मागणाऱ्याचा येई, आणि उन्हातून येऊनही पाणी न मागणाऱ्याचा तर जास्तच येई. विमा कंपनीत चौतीस वर्षं त्यांनी नुकसानीच्या दाव्यांची तपासणी केली होती. जळालेली गोदामं, भिजलेले कापडाचे तागे, जिन्यावरून 'आपोआप' घसरलेले फ्रीज, असं सगळं त्यांनी भिंगाखाली घातलं होतं, म्हणून ऑफिसने त्यांचं नावच भिंग ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. भिंगांनी ते घरी आणून आधी मागून उघडलं. आत यंत्र होतं. तरी त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही.

घरात सध्या भिंग धरून तीन माणसं होती. मुलगा पुलांच्या कामावर, सहा सहा महिने लांब. सूनबाई इस्पितळात सिस्टर. आणि पंधरा वर्षांची नात, मिरी. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, आणि कोणी चिमटीत धरायला गेलं की त्यालाच ठसका लागे, म्हणून मिरी. ती छोट्या छोट्या चित्रफिती करायची: चालणाऱ्या छत्र्या, भांडणारे चमचे असलं काहीबाही. जुन्या लॅपटॉपवर दहा सेकंदांचा चमचा हलवायला अख्खी दुपार जाई. म्हणून तिने ठरवलं होतं की स्वतःच्या हाताने मोठा कॉम्प्युटर जोडायचा. आठ महिने ती एकेक भाग जमवत होती.

"तयार मिळतो ना दुकानात?" भिंगांनी विचारलं.

"मिळतो. पण आत काय घातलंय ते आपल्याला कुठे कळतं?"

हे उत्तर भिंगांच्या थेट काळजाला भिडलं. पोरगी आपल्याच रक्ताची आहे, याबद्दल तरी आता शंका उरली नव्हती.

सगळे भाग आले, फक्त प्रोसेसर राहिला. तो म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि मेंदू कुठेही महागच. तेव्हा मिरीच्या मामाने निरोप पाठवला की, माझ्या दुकानातला एक चांगला आहे, वर्षभर वापरलेला, तो भाचीला माझ्याकडून.

इथे भिंगांच्या कपाळावर तिसरी आठी पडली. पहिल्या दोन कायमच्याच होत्या.

मामाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी ते शॉर्टसर्किट होऊन जळालं. विमा दुसऱ्याच कंपनीचा होता, भिंगांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. पण मिरीच्या अकराव्या वाढदिवसाला भरल्या ताटावर ते म्हणाले होते, "आगीलाही कॅलेंडर कळतं हो. पॉलिसी संपायच्या आठवड्यातच नेमकी लागते." पंगत हसली. मामा हसला नाही. त्याने हात धुतले, भाचीच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि निघून गेला, तो आजतागायत या घराची पायरी चढला नव्हता. सूनबाईला भावाला भेटायचं तर तीच जायची.

आणि आता तो म्हणत होता, पुढच्या रविवारी मशीन चालू झालेलं बघायला येतो.

"बाबा," सूनबाई ड्युटीवर निघता निघता म्हणाली, "मिरीला मदत करा. घरात मोठं माणूस हवं, विजेचं काम आहे. पण एक सांगते. चार वर्षांनी तो आपण होऊन येतोय. तुम्ही फक्त स्क्रू धरा. तोंड नको."

"मी काय बोलणार?"

"तेच तर कधी आधी कळत नाही."

त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. मिरीने खोकी ओळीने मांडली आणि आजोबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी त्या कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा."

"का?"

"अंगात वीज साठलेली असते. ती उतरते. नाहीतर भाग जळतात."

"माझ्या अंगात?"

"उरली असेल थोडीफार."

भिंगांनी हात लावला. त्यांनी स्वतःहून एक वही आणली होती. प्रत्येक खोकं उघडण्यापूर्वी ते सहा बाजूंनी बघत, चिकटपट्टी आधी कोणी सोडवून परत लावली आहे का ते नखाने तपासत आणि वहीत नोंद करत. स्क्रूंसाठी त्यांनी चार वाट्या घेतल्या होत्या. मिरी म्हणाली, दोन पुरतील. भिंग म्हणाले, मिसळलेल्या स्क्रूंमुळे एक अख्खी लिफ्ट पडलेली मी पाहिली आहे. लिफ्ट रिकामी होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

मामाचा प्रोसेसर एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत आला होता, पाठवला होता दुकानातल्या पोऱ्याच्या हाती. टाचणीच्या टोकाएवढ्या सोनेरी टिंबांची दाट पेरणी केलेला चौकोनी तुकडा. भिंगांनी तो भिंगाखाली धरला.

"ओरखडा आहे."

"तो कडेला आहे, आजोबा. त्याने काही होत नाही."

"ओरखडा आहे एवढंच मी म्हटलं. त्याने काय होतं ते वेळ सांगेल."

"द्या इकडे. आणि श्वास लांब सोडा, त्यावर नको."

मिरीने तरफ उचलली, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवला, तुकडा अलगद ठेवला आणि तरफ खाली दाबली. कर्र असा आवाज झाला. भिंगांनी वहीत 'कर्र' लिहिलं. रॅमच्या पट्ट्या खटकन बसल्या, तेही लिहिलं.

मग आला पंखा. हा प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा असतो. खाली आरशासारखी चकचकीत धातूची चकती, ती प्रोसेसरची उष्णता ओढून घेते, वरचा पंखा ती उडवून लावतो. चकतीवर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: बसवण्यापूर्वी काढा. मिरीने तो सोलून वर्तमानपत्रावर टाकला. इतक्यात आतल्या खोलीत फोन वाजला, आईचा. मिरी पंखा आजोबांच्या हातात देऊन उठली.

आता या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात वस्तूवरचं प्लास्टिक काढत नसत. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता. फ्रीजच्या मुठीवरचं प्लास्टिक सात वर्षांत पिवळं पडलं होतं, पण होतं. गाद्यांवर बसलं की त्या कुरकुरत. ही भिंगांची रीत आणि तिच्यामागे चौतीस वर्षांचं शास्त्र: प्लास्टिक आहे तोवर वस्तू नवी, प्लास्टिक निघालं की ती वापरलेली, आणि वापरलेल्या वस्तूची बाजू कोणी ऐकून घेत नाही.

भिंगांनी त्या उघड्याबोडक्या आरशाकडे पाहिलं. त्यात त्यांचंच नाक दिसलं. उद्या पंखा बिघडला, परत करायची वेळ आली, तर दुकानदार म्हणेल, चकतीवर ओरखडे आहेत. 'काढा' असं लिहिणारी कंपनी कुणाच्या फायद्याचं लिहिते, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पापुद्रा चिकट बाजूला मधोमध अंगठा टेकवून उचलला आणि परत चिकटवला. एकही बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्याने मधोमध नीट दाबला. काम इतकं सफाईदार झालं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

मिरी आली. तिने प्रोसेसरवर करड्या रंगाची पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी काढून ठेवली.

"पंखा मी ठेवतो," भिंग म्हणाले. "तू स्क्रू कस. तुझी नजर चांगली आहे."

मिरीला याचा संशय यायला हवा होता. आजोबांनी कौतुक केलं होतं. पण ती लहान होती.

संध्याकाळी साडेपाचला मशीन सुरू झालं. पंखे फिरले, पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. मिरी दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. नवव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

परत लावलं. सहा मिनिटं. परत लावलं. चार. बंद पडण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लाल होऊन शंभराच्या दारात उभा असलेला दोघांनीही पाहिला.

"तापतोय," मिरी हळूच म्हणाली.

"प्रोसेसर तापतोय," भिंग म्हणाले. शब्द त्यांच्या तोंडात आठवडाभर तयारच होते.

"पंखा काढून बघू द्या मला. कदाचित पेस्ट..."

"हात लावायचा नाही. घटनास्थळ आहे तसं ठेवायचं." आणि भिंगांनी कॅबिनेटच्या दारावर आडवी कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर तारखेसह सही केली. "कसला तरी घोळ आहे हे मी आधीच ओळखलं होतं. आता कोणी येऊन 'मी बघितलं तेव्हा ठीक होतं' म्हणायला नको."

त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर, जिथे एरवी फक्त फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ असे, भिंगांच्या सुवाच्य अक्षरातल्या पानाचा फोटो आला. मजकूर असा:

'सदर प्रोसेसर वापरलेला आहे. सदर प्रोसेसरवर ओरखडा आहे. सदर प्रोसेसर चालू केल्यापासून नऊ मिनिटांत तापून बंद पडतो. देणाऱ्याचा व्यवसाय पाहता त्यास याची कल्पना नसणे संभवत नाही. सबब, ही भेट नसून विल्हेवाट आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.'

लांबच्या एका आत्याने चुकून त्याला फुलाचं चित्र लावलं. मामाने एकच शब्द लिहिला: बरं.

मग त्याने बहिणीला फोन केला आणि सांगितलं की रविवारी जमणार नाही. या नाही, कुठल्याच.

सूनबाई भांडली नाही. भांडली असती तर भिंगांना बरं वाटलं असतं, भांडणात माणूस काहीतरी कबूल करतो. ती भिंगांशी बोलायचीच थांबली. समोर उभी राहून मिरीला म्हणे, "आजोबांना सांग, ताट वाढलंय." मिरी म्हणे, "आजोबा, ताट वाढलंय." भिंग म्हणत, "ऐकलं." मिरी म्हणे, "आई, त्यांनी ऐकलं." असं तीन दिवस चाललं. मिरी स्वतःही फारशी बोलत नव्हती. फोनवर ती एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची, पेस्ट किती लावावी याचा. भिंगांनी ते पाहिलं होतं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांना अहवाल पुरा करायचा होता, आणि अहवालात पंख्याखाली दडलेला प्रोसेसरचा नंबर नव्हता. नंबर मिळाला तर तो तुकडा खरंच वर्षाचा की पाच वर्षांचा, ते काढता येणार होतं. मामा उघडा पडला की सूनबाई आपोआप बोलू लागेल, असा त्यांचा हिशेब होता. तुरुंगातला कैदी निर्दोष ठरून बाहेर येतो, तसं स्वतःचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

गुरुवारी, मिरी शाळेत आणि सूनबाई ड्युटीवर असताना, भिंगांनी आपल्याच सहीची पट्टी ब्लेडने कापली. लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली. चार स्क्रू सोडवले आणि पंखा उचलला.

पंखा सुटला तो पापुद्र्यासकट. भाजलेल्या पापडासारखा तो सुरकुतला होता. एका बाजूला करडी पेस्ट चेपटून पसरली होती आणि तिच्यातून लाल अक्षरं अजूनही दिसत होती: बसवण्यापूर्वी काढा. पेस्ट प्रोसेसरपर्यंत पोचली होती, चकतीपर्यंत पोचलीच नव्हती. मधे प्लास्टिक होतं. बिचारा प्रोसेसर रेनकोट घालून उन्हात बसला होता. आणि चकतीच्या बाजूने, मधोमध, ठसठशीत, एक अंगठ्याचा ठसा.

भिंगांनी भिंग लावून पाहिलं. डाव्या कडेला आडवा व्रण होता. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर तो लहानपणापासून होता. आयुष्यात इतका स्वच्छ पुरावा त्यांना कधीच मिळाला नव्हता.

त्यांनी पापुद्रा सोलला, घडी केली आणि खिशात घातला. ही क्रिया किती सहज झाली याचं त्यांनाच नवल वाटलं. पंखा पुसायचा, पेस्ट लावायची, स्क्रू कसायचे, नवी पट्टी चिकटवून जुनी तारीख घालायची. मशीन चालेल. कुणी विचारलं तर म्हणायचं, विश्रांती मिळाली, सुधारला. अशी सुधारलेली यंत्रं त्यांनी चिक्कार पाहिली होती आणि एकाही मालकावर विश्वास ठेवला नव्हता.

ते फडक्याने चकती पुसत होते, तेवढ्यात लॅच वाजलं. मिरी दप्तरासकट दारात उभी होती. शाळा लवकर सुटली होती. तिने उघडं कॅबिनेट पाहिलं, पंखा पाहिला, फडक्यावरची करडी पेस्ट पाहिली.

"जास्त झाली होती ना?" ती म्हणाली.

"काय?"

"पेस्ट. माझ्याकडून जास्त पडली. मला वाटलंच होतं." तिने दप्तराचा पट्टा मुठीत धरला. "मामाचं काही नव्हतं ना त्यात? मी आईला सांगणार होते. रोज ठरवत होते."

असा तयार कबुलीजबाब तपासनिसाला क्वचित मिळतो. भिंग नुसते 'हं' म्हणाले असते, तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. पोरीला कोणी रागावणारही नव्हतं. लहान आहे, शिकते आहे. चौतीस वर्षांत असे किती कबुलीजबाब आपण असेच 'हं' म्हणून वहीत उतरवून घेतले, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

त्यांनी खिशातून घडी काढून टेबलावर ठेवली.

मिरीने ती उलगडली. वाचली. उलटी केली, परत वाचली.

"हा मी काढला होता."

"हो."

"मग?"

"मी परत लावला. तू फोनवर होतीस."

"का?"

"ओरखडे पडू नयेत म्हणून."

मिरी ओरडली नाही. दप्तर तिने खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसली. मग शांतपणे म्हणाली, "आजोबा, मी चार दिवस बाथरूममध्ये जाऊन रडतेय."

"मला वाटलं, तुझं पोट बिघडलंय."

"मामाला कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

"आणि आईला?"

"तिला तू सांग ना. ती माझ्याशी बोलत नाही."

"तुम्ही सांगा," मिरी म्हणाली. "ती ऐकते."

सूनबाईने ऐकलं. कपडे बदलता बदलता थांबून पूर्ण ऐकलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा थेट भिंगांकडे बघून म्हणाली, "मिरीने घातलंय ना हे डोक्यात? तिला वाचवायला तुम्ही असं म्हणताय."

"अगं, नाही. माझाच अंगठा आहे."

"अंगठा कुणाचाही असतो," सूनबाई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

खरं बोललं की लोक विश्वास ठेवतात, अशी भिंगांची कशी कोण जाणे समजूत होती.

शुक्रवारी सकाळी ते मामाच्या दुकानात गेले. नवीन दुकान जुन्यापेक्षा लहान होतं, दोन माणसं एकमेकांना 'जरा सरका' म्हणतील एवढं. भिंतीवर औषधाच्या रिकाम्या डब्यांतून स्क्रू आकारांनुसार लावलेले. फळीवर पोट उघडलेली यंत्रं, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या तक्रारीची चिठ्ठी: 'आवाज करतो', 'आवाज करत नाही'. दारापाशी आग विझवायचे दोन लाल नळकांडी. मामा वाकड्या मानेच्या दिव्याखाली प्रिंटर सोडवत होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली.

"या. प्रोसेसर परत आणलात?"

"नाही. हे आणलंय." भिंगांनी पाकीट पुढे केलं. पाकिटावर त्यांनी सवयीने तारीख, वेळ आणि 'पुरावा' असं लिहिलं होतं.

मामाने पापुद्रा चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला.

"पोरीने काढला नाही होय हा."

"तिने काढला होता. मी परत लावला."

मामाने दिवा किंचित वळवला. आता तो भिंगांच्या तोंडावर पडला.

"किती वाजता?"

"तीनच्या सुमारास."

"सुमारास म्हणजे? वही असते ना तुमच्याकडे?"

"तीन वाजून दहा मिनिटं."

"पंखा कोणत्या हातात होता?"

"डाव्या."

"त्या वेळी खोलीत दुसरं कोण होतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे साक्षीदार नाही." मामाने चिमटा खाली ठेवला. "हेतू काय होता?"

"हेतू काही नव्हता हो. वाटलं, जपावं."

"दुकान जळालं तेव्हा मला हा प्रश्न सात वेळा विचारला होता. हेतू काय होता. मी सातही वेळा म्हटलं, वायर जुनी होती. त्यांनी सातही वेळा वहीत लिहिलं, उत्तर देताना चाचरला." तो प्रिंटरचं एक दातेरी चाक फडक्याने पुसू लागला. "काका, तुम्ही माझं दुकान पाहिलं होतंत? जळालेलं?"

"नाही."

"कागद?"

"नाही."

"मग बोललात का?"

भिंगांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि 'येऊ दे, येऊ दे' असं ओरडत होतं.

"लोक हसत होते," ते म्हणाले.

मामाने मान हलवली. हे उत्तर त्याला पटलं की नुसतं ऐकू आलं, ते कळायला मार्ग नव्हता. मग तो म्हणाला, "लिहून द्या. ग्रुपवर."

"पापुद्र्याचं?"

"दोन्ही. आणि 'सदर' वगैरे नको. माणसासारखं लिहा."

माणसासारखं लिहायला भिंगांना दीड तास लागला. चार पानं फाडली. शेवटी ग्रुपवर गेलं ते एवढंच: 'प्रोसेसर चांगला आहे. पंख्यावरचं प्लास्टिक मी चिकटवून ठेवलं म्हणून तो तापला. मिरीची काही चूक नाही, तिच्या मामाचीही नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानाच्या आगीबद्दल मी जे म्हणालो, ते न बघता म्हणालो होतो. हसवण्यासाठी म्हणालो होतो. चूक झाली.'

ग्रुप दिवसभर चिडीचूप होता. नंतर एका पुतण्याने सूनबाईला खासगीत विचारलं की काकांचा फोन चोरीला गेला आहे का.

मामाचं उत्तर आलं नाही. पण रविवारी अकराला बेल वाजली आणि दारात तो होता, हातात आपली हत्यारांची पेटी. या घरातला स्क्रूड्रायव्हर तो वापरणार नव्हता, हे उघडच होतं. सूनबाई पुढे झाली आणि तिने पेटी त्याच्या हातातून घेतली.

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने प्रत्येक जोड हलवून पाहिला. प्रोसेसर काढून पुसला, परत बसवला. पेस्ट त्याने मिरीकडून लावून घेतली, आणि "बरोबर आहे, तेव्हाही एवढीच लावली असशील," असं म्हणाला. मिरीची मान ताठ झाली. मग त्याने पंखा उलटा करून ती उघडी चकती भिंगांच्या नाकासमोर धरली.

"बघून घ्या, काका. काही चिकटवायचं असेल तर आत्ताच."

"नाही," भिंग म्हणाले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते.

मशीन सुरू झालं. चौघंही पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत उभे राहिले. बत्तीस. छत्तीस. एक्केचाळीस. कोणी कुणावर विश्वास ठेवून उभं आहे असं दृश्य ते नव्हतं. नववं मिनिट आलं आणि गेलं. मिरीने मशीनला आपली भांडणाऱ्या चमच्यांची फीत तयार करायला लावली, सगळ्यात जड काम. आकडा बासष्टपर्यंत चढला आणि तिथे जो बसला तो बसलाच. चमचे सरसर भांडू लागले.

अर्धा तास झाला. सूनबाईला ड्युटीला उशीर होत होता, पण ती युनिफॉर्ममध्ये दाराला टेकून उभी होती.

"काका," मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मला एक शंका येतेय."

"विचारा."

"चौतीस वर्षं तपासणी केलेला माणूस. लाल अक्षरांत 'काढा' लिहिलेलं वाचतो आणि परत चिकटवतो, हे माझ्या डोक्यात बसत नाही. तुम्ही हे मुद्दाम केलंत. प्रकरण पेटावं, मला इथे यावं लागावं, जुनं काय ते मिटावं म्हणून. म्हातारा पोचलेला आहे, असं वाटायला लागलंय मला."

सूनबाईने भिंगांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात गेल्या आठ दिवसांत नव्हतं असं काहीतरी मऊ होतं. मिरीनेही खुर्ची वळवली. तिच्या डोळ्यांत तर चक्क आदर होता, जो या घरात भिंगांनी फार दिवसांत पाहिला नव्हता.

भिंगांना काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं खिडकीबाहेर बघून थोडं हसलं असतं तरी पुरलं असतं. उरलेलं लोकांनी स्वतः बांधलं असतं आणि वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगितलं असतं. मूर्खपणाच्या जागी धूर्तपणा, तोही मायेचा. असा सौदा माणसाला दोनदा मिळत नाही. त्यांनी खिडकीकडे पाहिलंही.

"नाही हो," ते म्हणाले. "मला खरंच वाटलं, ओरखडे पडतील."

मामाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"नक्की?"

"नक्की. अक्कल नव्हती, दुसरं काही नाही."

मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, दिव्याखाली भाग धरून बघावा तसा. मग त्याने मान डोलावली.

"हे मात्र खरं वाटतं," तो म्हणाला, आणि टेबलाखालची एक खुर्ची बाहेर ओढली. बसण्यापूर्वी तिचे चारही पाय त्याने एकेक करून हलवून पाहिले.